पाड, धूर आणि वायू : फळ पिकण्याच्या विचाराचा इतिहास



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "सर, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता आंबे पिकवायला लागलात की काय?" त्यांचा प्रश्न रास्त आहे. आमची डॉक्टरेट तत्त्वज्ञानातली. वनस्पतिशास्त्राशी आमची ओळख शाळेपुरती, पुढचे जे काही आहे ते निवृत्तीनंतरचे वाचन. पण ज्ञानमीमांसा हा आमचा विषय होता. एखादी गोष्ट आपल्याला कळली असे आपण केव्हा म्हणू शकतो, खुणेवरून वस्तू ओळखताना आपण कुठे फसतो, हे प्रश्न आम्ही पस्तीस वर्षे वर्गात मांडले. आणि खरे सांगायचे तर या प्रश्नांचे इतके चांगले उदाहरण आम्हाला ग्रंथांत मिळाले नाही, जितके गेल्या नोव्हेंबरात घरच्या टोपलीत मिळाले.

झाले असे की काटोलकडच्या आमच्या एका नातेवाइकांनी बागेतली संत्री पाठवली. आंबिया बहाराची. दिसायला हिरवीगार, कुठे कुठे पिवळट डाग. त्याच दिवशी आमच्या नातवाने बाजारातून दोन डझन संत्री आणली. केशरी, चकचकीत, कॅलेंडरवर छापावी तशी. साहजिकच सगळ्यांचे हात केशरी संत्र्यांकडे गेले. पहिली फोड तोंडात टाकली आणि नातवाचे डोळेच मिटले, इतकी आंबट! मग सूनबाईंनी सहज म्हणून हिरवे संत्रे सोलले. साखर! नातू म्हणाला, "आजोबा, हे उलटं कसं काय?"

आम्ही त्याला म्हटलं, थांब, सांगतो. पण सांगायला बसलो तेव्हा लक्षात आले की याचे उत्तर द्यायचे तर दीडशे वर्षांचा इतिहास सांगावा लागतो. तोच आज आपल्यापुढे मांडतो आहोत.

सुरुवात घरापासून करू. आमच्या लहानपणी उन्हाळ्यात मागच्या खोलीत आंब्याचा माच पडायचा. पुण्या-कोकणाकडे ज्याला अढी म्हणतात, त्यालाच आपल्याकडे माच म्हणतात. खाली वाळले गवत, त्यावर आंबे, पुन्हा गवत, आणि खोलीचे दार बंद. आम्ही पोरे रोज आजीच्या मागे लागायचो की आंबे उतरवा, माच घाला. आजी म्हणायची, "पाड त लागू दे बाप्पा!" पाड लागणे म्हणजे झाडावरचे एखादे-दुसरे फळ आपसूक पिकून खाली पडणे. ते पडले की समजायचे, बाकीची फळे आतून तयार झाली, आता उतरवायला हरकत नाही. पाडाच्या आधी उतरवलेला आंबा माचात पिवळा होतो, मऊ होतो, पण गोड होत नाही, हे आजीला पक्के ठाऊक होते. त्यामागचे रसायनशास्त्र तिला ठाऊक नव्हते, आणि त्यावाचून तिचे काही अडलेही नाही.

तिला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. माच रोज चाळायचा आणि नासका आंबा लगेच बाहेर काढायचा. एक नासका आंबा सगळी अढी नासवतो, ही म्हण आपण माणसांच्या संगतीबद्दल वापरतो. पण मुळात ती आंब्याचीच आहे, आणि शब्दशः खरी आहे. एका फळातून काहीतरी निघते आणि ते शेजारच्या फळाला लागते, एवढे या म्हणीत गृहीत धरलेले आहे. ते 'काहीतरी' काय, एवढाच प्रश्न शिल्लक होता.

केळीवाल्यांचे ज्ञानही असेच. केळीचे घड बंद खोलीत टांगायचे आणि धूर द्यायचा. जुन्या चीनमध्ये नाशपाती पिकवायला बंद खोलीत धूप जाळत. इजिप्तमध्ये उंबराच्या जातीच्या फळांना चाकूने चिरा पाडत, म्हणजे ती लवकर पिकत. बंद जागा, धूर, जखम, नासके फळ. या चार गोष्टी जगभर माणसांना माहीत होत्या. या चारही गोष्टींत समान काय आहे, हे मात्र कुणाला सांगता येत नव्हते.

ते सापडले अगदी भलत्याच ठिकाणी, रस्त्यावरच्या दिव्यांत. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या शहरांत दगडी कोळशापासून काढलेल्या वायूचे दिवे आले. जमिनीखालून नळ टाकले. नळ कुठे फुटला की त्या भागातल्या झाडांची पाने अकाली गळायची. १८६४ साली जिरार्दँ यांनी याची नोंद केली. पुढे १९०१ साली रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे नेल्युबोव्ह नावाच्या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाने पाहिले की प्रयोगशाळेत अंधारात वाढवलेले वाटाण्याचे कोंब सरळ वर न जाता आडवे वाढतात. बाहेरच्या स्वच्छ हवेत ठेवले की ते सरळ वाढत. मग त्याने दिव्याच्या वायूतला एकेक घटक वेगळा करून तपासला आणि दोषी सापडला तो इथिलीन. दोन कार्बन, चार हायड्रोजन, एवढाच रेणू. रंग नाही, वास अगदी मंद. इतक्या साध्या वस्तूने झाडाची चाल बदलते, हे तेव्हा नवलच होते. पण त्या वेळी इथिलीन हा बाहेरून आलेला उपद्रव मानला गेला. फळ स्वतःच हा वायू तयार करते, हे कुणाच्या मनातही आले नाही.

आता गंमत बघा. फळातून निघणारा वायू दुसऱ्या फळाला पिकवतो, ही शास्त्रीय वाङ्मयातली पहिली नोंद कुठल्या फळाबद्दल आहे? आपल्या संत्र्याच्या भाऊबंदांबद्दल! १९१० साली जमैकाच्या कृषी खात्याच्या अहवालात कझिन्स यांनी सूचना केली की जहाजावर संत्र्यांसोबत केळी ठेवू नयेत, कारण संत्र्यांतून निघणाऱ्या वायूने केळी अकाली पिकतात. निष्कर्ष मोठा होता आणि दिशा बरोबर होती. पण पुरावा बहुधा चुकीचा होता. निरोगी संत्रे इथिलीन अगदी नगण्य सोडते. १९४० च्या सुमारास कळले की संत्र्यावर जी हिरवी बुरशी येते, ती मात्र भरपूर इथिलीन तयार करते. म्हणजे कझिन्स यांच्या त्या मालात काही संत्री सडकी असावीत. नासक्या फळाने शेजारी पिकवला, हीच आजीची म्हण! सिद्धान्त खरा, उदाहरण चुकलेले. आम्ही विद्यार्थ्यांना सांगत असू की चुकीच्या हेतूवरूनही कधी कधी खरे अनुमान निघते, आणि ते ज्ञान म्हणायचे की नशीब, हा प्रश्न राहतोच.

यानंतरचा प्रसंग आम्हाला सर्वांत जास्त आवडतो, कारण त्यात न्यायशास्त्रातला धूर आणि अग्नी दोन्ही आहेत. कॅलिफोर्नियात लिंबाच्या मोठ्या बागा होत्या. लिंबू आतून रसदार झाले तरी साल हिरवीच राही. बाजाराला पिवळे लिंबू हवे. म्हणून बागाईतदार लिंबे बंद खोलीत ठेवून रॉकेलचे स्टोव्ह पेटवत. काही दिवसांत लिंबे पिवळी. सगळ्यांची समजूत अशी की उष्णतेने रंग येतो. मग काहींनी विचार केला, स्टोव्हने आगीची भीती, काजळी, घाण. त्यापेक्षा स्वच्छ उष्णतेची सोय करू. केली. आणि लिंबे हिरवीच!

न्यायशास्त्र शिकलेल्या माणसाने इथे कान टवकारले पाहिजेत. अन्वय आणि व्यतिरेक. जिथे कारण आहे तिथे कार्य आहे, आणि जिथे कारण नाही तिथे कार्य नाही, अशी दोन्ही बाजूंनी तपासणी झाल्याशिवाय कारण ठरवायचे नाही. स्टोव्हच्या खोलीत उष्णता आणि धूर दोन्ही एकत्र होते, म्हणून लोकांनी उष्णतेला कारण मानले. १९१२ साली अमेरिकेच्या कृषी खात्यातले सिव्हर्स आणि ट्रू यांनी दोन्ही वेगळे केले. उष्णता आहे आणि धूर नाही, रंग येत नाही. स्टोव्हचा धूर खोलीत सोडला की रंग येतो. पुढे १९२४ साली डेनी यांनी दाखवले की त्या धुरात काम करणारा घटक इथिलीन आहे, आणि तो हवेत अगदी अत्यल्प असला तरी पुरतो. आपल्या केळीवाल्यांच्या धुराचे रहस्यही तेच.

इथे एका शब्दाकडे लक्ष वेधतो. डेनी यांच्या त्या निबंधाच्या शीर्षकात लिंबे 'पिकवणे' असे म्हटलेले नाही. लिंबांना लवकर 'रंग आणणे' असे म्हटले आहे. माणूस शब्द जपून वापरणारा होता. म्हणजे इथिलीनचा व्यापारात शास्त्रशुद्ध वापर सुरू झाला तो फळ पिकवण्यासाठी नाही, रंगवण्यासाठी. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

दुसऱ्याच वर्षी, १९२५ मध्ये, इंग्लंडात केंब्रिजला किड आणि वेस्ट या दोघांनी सफरचंदाचा श्वास मोजला. होय, तोडलेले फळही श्वास घेते. त्यांना दिसले की पिकायच्या वेळी सफरचंदाचा श्वास एकदम वाढतो, शिखर गाठतो आणि मग उतरतो. त्यावरून पुढे फळांचे दोन वर्ग पडले. काही फळांत हा श्वासाचा चढ येतो : आंबा, केळी, पपई, चिकू, सीताफळ, सफरचंद, टोमॅटो. काहींत येत नाही : संत्रे, मोसंबी, लिंबू, द्राक्ष, डाळिंब, अननस, स्ट्रॉबेरी.

१९३४ साली गेन यांनी सिद्ध केले की पिकते सफरचंद स्वतःच इथिलीन सोडते. झाले, आजीच्या म्हणीतले 'काहीतरी' सापडले. मग काही शास्त्रज्ञ म्हणू लागले की हा वायू म्हणजे वनस्पतीचे संप्रेरक आहे. शरीरात एका जागी तयार होते, अत्यल्प प्रमाणात असते आणि दुसरीकडे जाऊन काम करवून घेते, ते संप्रेरक. दुसऱ्या बाजूचे म्हणाले, वायू कसला संप्रेरक? पिकण्याच्या वेळी निघणारा तो एक टाकाऊ पदार्थ आहे. तो कारण आहे की परिणाम, हा वाद पंचवीस वर्षे रेंगाळला. कारण साधे होते, इतका कमी वायू मोजायचे साधनच नव्हते. १९५९ मध्ये गॅस क्रोमॅटोग्राफी या कामाला लागली आणि मग दिसले की आंब्या-केळ्यासारख्या फळांत आधी इथिलीन वाढते आणि पिकण्याची क्रिया त्याच्यामागून येते. कारण पुढे, कार्य मागे. १९७९ साली मूळचे तैवानचे शास्त्रज्ञ शांग फा यांग आणि त्यांचे सहकारी अॅडम्स यांनी फळ हा वायू घरच्या घरी कसा बनवते, त्या साखळीतला हरवलेला दुवा शोधला. मेथिओनिन नावाच्या अमिनो आम्लापासून सुरुवात होते, मधे एसीसी नावाचे संयुग बनते आणि शेवटी इथिलीन.

चढाच्या फळांची खुबी अशी की थोडे इथिलीन जास्त इथिलीन तयार करवते. गावात एकाने वार्ता सांगितली की दहा जण सांगू लागतात, तसे. म्हणून बंद माचात एक आंबा पिकला की सगळा माच पिकतो. आंब्याने झाडावर असताना पिठूळ पदार्थ, म्हणजे स्टार्च, साठवून ठेवलेला असतो. इथिलीनचा निरोप मिळाला की त्या स्टार्चची साखर होते, पेशींना बांधून ठेवणारे पेक्टिन विरघळून गर मऊ होतो, आंबटपणा उतरतो, सालीतले हरितद्रव्य मोडते आणि वास सुटतो. पण एक अट आहे. शिदोरी आधी भरलेली पाहिजे. कोवळा आंबा तोडला तर इथिलीन निरोप देईल, पण ज्याची साखर करायची तो स्टार्चच पुरेसा नाही. पाडाचा अर्थ हाच. पाड म्हणजे शिदोरी भरल्याची खूण.

आता संत्र्याकडे वळू. संत्र्याजवळ अशी स्टार्चची शिदोरीच नसते. त्याची साखर झाडाच्या पानांतून देठावाटे रोजच्या रोज येते. देठ तुटला की रसद बंद. तोडलेले संत्रे ठेवून ठेवून फार तर थोडे कमी आंबट होईल, पण अधिक गोड होणार नाही. मग त्याला इथिलीन दिले तर काय होईल? सालीतले हरितद्रव्य मोडेल, त्याखालचा पिवळा-केशरी रंग उघडा पडेल. बस. आतल्या फोडीला त्याचा पत्ताही लागणार नाही. एकच वायू. आंब्यात तो फळाचे उरलेले काम पूर्ण करतो, संत्र्यात तो फक्त सालीचा रंग बदलतो. नातवाच्या त्या केशरी, आंबट संत्र्याचे उत्तर हे.

पण मग हिरवे संत्रे गोड कसे? त्याचे उत्तर आपल्या नागपुरी हवेत आहे. संत्र्याची साल केशरी व्हायला थंड रात्री लागतात. आपल्याकडे दोन बहार. मृग बहाराची फुले पावसाच्या सुरुवातीला येतात आणि फळ फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास हाती येते. त्या फळाच्या वाट्याला अख्खी थंडी येते, म्हणून त्याला रंग छान येतो. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळ ऑक्टोबरपासून तयार होऊ लागते. तेव्हा रात्री अजून पुरेशा थंड झालेल्या नसतात. फळ आतून गोड होते, साल हिरवीच राहते.

आमच्या न्यायशास्त्रात यालाच उपाधी म्हणतात. धूर दिसला की अग्नीचे अनुमान बरोबर. पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच, असे म्हणता येत नाही, कारण धुराला ओले लाकूडही लागते. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. तसेच संत्रे पक्व आहे म्हणून केशरी असेलच असे नाही, त्याला थंड रात्रही लागते. आणि केशरी आहे म्हणून पक्व असेलच असेही नाही, कारण रंग बंद खोलीतही आणता येतो. म्हणजे खूण दोन्ही बाजूंनी फसवी ठरली. आणि कळमन्याच्या बाजारापासून हातगाडीपर्यंत आपण सगळे भाव ठरवतो तो याच खुणेवर!

इथे एक खुलासा केला पाहिजे, नाहीतर आमच्या बोलण्याचा विपर्यास होईल. संत्र्याला इथिलीनने रंग आणणे ही लबाडी आहे, असे आम्ही म्हणत नाही. आपल्या अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र १९८५ साली सुरू झाले, तीच आजची केंद्रीय लिंबूवर्गीय संशोधन संस्था. तिथे या विषयावर पद्धतशीर काम झाले आहे. फळ आतून तयार असेल, फक्त साल हिरवी असेल, तर योग्य तापमानात आणि दमट हवेत अगदी थोडे इथिलीन देऊन हिरवेपणा काढता येतो. पक्व फळाला त्याचा हक्काचा रंग देणे यात गैर काय? गैर तेव्हा, जेव्हा कच्च्या फळाला पक्व फळाचा रंग दिला जातो. क्रिया तीच, वायू तोच. फरक फक्त झाडावरून तोडण्याच्या दिवसाचा.

संप्रेरक म्हणजे एकटे इथिलीन, असेही समजू नका. आपला संत्रा उत्पादक या सगळ्या मंडळींशी रोज व्यवहार करतो, नावे माहीत असोत वा नसोत. आंबिया बहाराची फळगळ हे आपल्या काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी पट्ट्याचे मोठे दुखणे. फळ आणि देठ यांच्यामध्ये पेशींचा एक पातळ पडदा असतो. फळातून ऑक्सिन नावाचे संप्रेरक येत राहिले की तो पडदा घट्ट राहतो. ऑक्सिन कमी पडले आणि इथिलीन वाढले की पडदा सुटतो आणि फळ खाली. म्हणून गळ थांबवायला २,४-डी किंवा जिबरेलिक आम्ल अत्यल्प मात्रेत फवारायची शिफारस असते. हे २,४-डी म्हणजे ऑक्सिनच्या जातीचे कृत्रिम रसायन. दहा-पंधरा पीपीएमला ते फळ धरून ठेवते आणि मोठ्या मात्रेत तणनाशक म्हणून झाडच मारते. औषध आणि विष यांत फरक मात्रेचा, हे आयुर्वेदाने सांगितले तेच इथे. जिबरेलिनचा शोध तर जपानातल्या भातरोगातून लागला. १९२६ साली कुरोसावा यांनी दाखवले की भाताची रोपे भलतीच उंच वाढवणारी करामत एका बुरशीच्या स्रावाची आहे. हे जिबरेलिन साल हिरवी ठेवते, म्हणजे इथिलीनच्या बरोबर उलट.

आणि ॲबसिसिक आम्ल! याचा तर विदर्भाशी भावबंध मानायला हरकत नाही. आपली दोन पिके, कापूस आणि संत्रा. हे संप्रेरक कॅलिफोर्नियात ॲडिकॉट यांच्या गटाने १९६३ साली वेगळे केले ते कपाशीच्या कोवळ्या बोंडांतून. बोंडगळ त्याच्यामुळे होते असे वाटले, म्हणून गळण्याच्या अर्थाचे नाव दिले. पुढे कळले की गळ घडवण्यात मोठा वाटा इथिलीनचा. या आम्लाचे मुख्य काम पाण्याचा ताण पडला की पानांची छिद्रे मिटवणे आणि झाडाला सांभाळणे. नाव एकाचे, काम दुसऱ्याचे. पण नाव चिकटले ते चिकटलेच. आपला शेतकरी बहार धरण्यासाठी बागेला ताण देतो, पाणी तोडतो, तेव्हा झाडात हेच संप्रेरक वाढते. आणि संत्रे, द्राक्ष अशा बिनचढाच्या फळांच्या पक्वतेत इथिलीनपेक्षा याचा वाटा मोठा, असे अलीकडच्या संशोधनाने दाखवले आहे. 'ताण देणे' या साध्या शब्दात शेतकऱ्याने किती शरीरशास्त्र भरून ठेवले आहे!

आता कायद्याचे पाहू, कारण लोकांच्या मनात खरी भीती तिथे आहे. कॅल्शियम कार्बाइडला पाणी किंवा दमट हवा लागली की ॲसिटिलीन वायू निघतो. जुन्या काळी याच वायूचे दिवे असत. ॲसिटिलीन हा रचनेने इथिलीनचा चुलतभाऊ. तो फळाला फसवून इथिलीनसारखे काम करवतो, पण त्यासाठी प्रमाण शेकडो पटींनी जास्त लागते. आणि बाजारी कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, धोका त्यांचा. म्हणून अन्नभेसळ प्रतिबंधक नियम, १९५५ मध्ये फळे पिकवायला कार्बाइड वायू वापरण्यावर बंदी होती, आणि २०११ च्या अन्नसुरक्षा नियमावलीतही ती कायम राहिली. २०१६ साली इथिलीन वायूला रीतसर परवानगी मिळाली, १०० पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग.

हे नियम आवश्यकच आहेत. आंब्याच्या पेटीत कार्बाइडची पुडी सापडली तर तक्रार केलीच पाहिजे. पण आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. कायदा विचारतो, कोणता वायू वापरला? ग्राहक विचारतो, नैसर्गिक की कृत्रिम? हा दुसरा प्रश्न आम्हाला पोकळ वाटतो. माच कृत्रिमच होता. आंबा काही स्वतःहून गवतात जाऊन झोपत नाही! आणि इथिलीन तर फळाचे स्वतःचेच आहे. खरा प्रश्न आजीचा : तोडले तेव्हा पाड लागला होता का? हा प्रश्न ना पेटीवर लिहिलेला असतो, ना भावात धरलेला असतो.

आणि हा प्रश्न विचारणार कोण? आमच्या त्या नातेवाइकांचेच सांगतो. काही वर्षांपूर्वी त्यांनी आंबिया बहार उभ्या बागेवरच ठेक्याने दिला. आपल्याकडे बरेच जण देतात, कारण मजूर, वाहतूक, बाजारातली अनिश्चितता, सगळे एकट्याने झेपत नाही. बाग ठेक्याने गेली म्हणजे फळ कधी तोडायचे हा अधिकारही गेला. सणासुदीचा भाव साधायचा म्हणून ठेकेदाराने लवकर तोड केली. हे हात जोडून म्हणाले, अजून पंधरा दिवस थांबा. तो म्हणाला, "रंग आपण आणू ना भाऊ." रंग आला, माल गेला, पैसे मिळाले. ठेकेदाराला दोष देऊन भागत नाही. त्याने तेच केले जे बाजार त्याला करायला सांगत होता. पण ज्याने ते आंबट केशरी संत्रे खाल्ले, तो पुढच्या वेळी नागपुरी संत्रे घेताना विचार करील. २०१४ साली नागपूर संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले, आपण सगळे आनंदलो. रघुजीराजे भोसल्यांनी औरंगाबादहून हे झाड इकडे आणले असे आपल्याकडे अभिमानाने सांगतात. त्या नावाची पत आपण पंधरा दिवसांच्या घाईत खर्च करून टाकतो. त्या वर्षानंतर त्यांनी बाग ठेक्याने देणे बंद केले. म्हणून तर ती हिरवी टोपली आमच्याकडे आली. त्यांना मोठ्या बाजारात या हिरव्या फळाला भाव मिळत नाही, ओळखीपाळखीत विकावे लागते, ही दुसरी बाजूही सांगितली पाहिजे.

मग आपण काय करायचे? आम्ही काही कृषिखात्याचे माणूस नव्हे. पण तीन साध्या गोष्टी सुचवतो. एक, ऑक्टोबर-नोव्हेंबरात हिरवट संत्रे पाहून नाक मुरडू नका. एक सोलून चाखून बघा आणि मग ठरवा. दोन, विक्रेत्याला 'गोड आहे का' असे विचारू नका, तो 'हो'च म्हणणार. 'कुठल्या बागेचे, कधी तोडले' असे विचारा. गोडी मोजायचे हातात मावणारे साधनही मिळते, रसाचा एक थेंब पुरतो. लिलावात रंगाबरोबर हा आकडाही बोलला गेला तर थांबणाऱ्या शेतकऱ्याला थांबण्याचे मोल मिळेल. आणि तीन, घरातल्या मुलांना आंबा आणि संत्रे यांतला फरक शिकवा. एक झाडावरून उतरल्यावर पिकतो, दुसरे झाडावरच पिकावे लागते.

आमच्या नातवाला शेवटी आम्ही एवढेच सांगितले. बाळ, दिवा, धूर, सफरचंद, बोंड असा फिरत फिरत माणूस शंभर वर्षांत जिथे पोचला, तिथे तुझी पणजी मागच्या खोलीच्या दारात उभी होती. त्याने विचारले, "मग शास्त्रज्ञांनी काय केलं?" प्रश्न चांगला होता. आम्ही म्हटलं, पणजीला पाड ओळखता येत होता, पण पाड का पाळायचा हे दुसऱ्याला पटवून देता येत नव्हते. माच घालणारी पणजी घरात असेपर्यंत ते चालले. आता फळ अनोळखी हातांतून येते, म्हणून कारण माहीत असावे लागते. जाणणे आणि पटवून देता येणे यांतले अंतर शास्त्राने भरून काढले. त्यावर बाजार चालवणे हे काम मात्र अजून आपल्याकडे शिल्लक आहे.

आमचेही वय आता पाड लागण्याचे झाले आहे, त्यामुळे जास्त वेळ घेत नाही.